त्या चालणाऱ्या प्रोटीनचा आणि आठवणींचा नेमका संबंध काय?

सावळागोंधळ:
मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. ती क्लिप सगळ्यांनी कधी ना कधी बघितली असेलच, दोन पायांचं काहीतरी एका दोरीवरून डुलत डुलत चाललंय, डोक्यावर स्वतःपेक्षा कितीतरी मोठा गोळा, आणि खाली लिहिलेलं असतं की हे मायोसिन आहे, एंडॉर्फिन ओढत मेंदूत नेतंय, आनंद असा दिसतो वगैरे. आता परवा कुठेतरी वाचलं की ही मोटर प्रोटीनं नसतील तर आपल्याला नवीन काही लक्षातच राहणार नाही, आणि उंदरांमध्ये यातलं एक प्रोटीन वाढवलं तर ते उंदीर जास्त हुशार झाले. मग माझ्या डोक्यात जे चालू झालं ते असं, एक तर ती क्लिप खरी का, दुसरं त्या गोळ्यात आठवण भरलेली असते का, आणि तिसरं (हे जास्त छळतंय) एकेका न्यूरॉनवर (चेतापेशीवर) हजारो सिनॅप्स, म्हणजे दुसऱ्या न्यूरॉनशी जोडणारे सांधे, असतात म्हणतात, मग याला कळतं कसं की माल नेमका कुठे टाकायचा? बायोलॉजी शाळेतच सुटलं, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

पेशीबाज:
क्लिपपासून सुरू करतो. ते ॲनिमेशन आहे, २००६ साली हार्वर्ड विद्यापीठासाठी एक्सव्हिवो नावाच्या कंपनीने विद्यार्थ्यांना शिकवायला बनवलेलं. त्यात चालतंय ते मायोसिन नाही, कायनेसिन आहे, आणि दोरी म्हणजे मायक्रोट्युब्यूल. गोळा म्हणजे व्हेसिकल, पेशीतली छोटी पिशवी. एंडॉर्फिन आणि आनंद हा मसाला मागाहून कुणीतरी टाकलाय.

पण चाल मात्र खरी आहे बरं का. एका पावलाला पिशवी ८ नॅनोमीटर पुढे सरकते आणि त्यात एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. होतं काय की पुढच्या पायात एटीपी येऊन बसला की त्याच्या वरच्या बाजूची एक लवचिक पट्टी पायाला चिकटते, आणि त्या झटक्यात मागचा पाय १६ नॅनोमीटर पुढे फेकला जातो, मग तो थोडा चाचपडतो, जागा सापडली की घट्ट धरतो, आणि तोवर दुसऱ्या पायातला एटीपी फुटून त्याची पकड सैल होते. दोन्ही पाय एकदम सुटणार नाहीत अशी त्यांची आपसात जुळणी असते, तरीही साधारण शंभरेक पावलांनंतर एकटं कायनेसिन सुटून पडतंच, म्हणून एका पिशवीला बऱ्याचदा एकाहून जास्त मोटर प्रोटीनं लागलेली असतात.

क्लिपमध्ये खोटा आहे तो रुबाब. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू चहूबाजूंनी सतत आदळत असतात, पिशवी गदागदा हलत असते आणि या सगळ्या धुमश्चक्रीत ते सेकंदाला शंभराच्या आसपास पावलं टाकतं. क्लिपमधला संथपणा आपल्याला दिसावं म्हणून.

याचा शोध लागला १९८५ मध्ये, व्हेल, रीस आणि शीट्झ या तिघांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड ॲक्सॉनमधून (न्यूरॉनची सिग्नल पुढे नेणारी लांब तार) कायनेसिन वेगळं काढलं. ॲक्सॉनच का, तर न्यूरॉनला याची गरज सगळ्यात जास्त. प्रोटीनं बहुतांशी पेशीच्या मुख्य भागात तयार होतात आणि ॲक्सॉनचं टोक कुठे, तर पाठीच्या कण्यापासून पायाच्या पंजापर्यंत जाणारा ॲक्सॉन जवळजवळ एक मीटर लांब असतो. एवढं अंतर प्रोटीन नुसतं तरंगत तरंगत कापायला निघालं तर शेकडो वर्षं लागतील. कायनेसिनच्या जोरावर सगळ्यात वेगवान माल दिवसाला ४०० मिलीमीटरपर्यंत जातो, म्हणजे तोच एक मीटर अडीच दिवसांत. पावलं मोजलीत तर साडेबारा कोटी.

ॲक्सॉनमध्ये कायनेसिन बाहेरच्या दिशेने चालतं, आणि डायनिन नावाचं दुसरं मोटर प्रोटीन आतल्या दिशेने. मायोसिन वेगळ्या दोरीवर चालतं, ॲक्टिनवर. आठवणीचं ज्यांना नीट येतं त्यांनी पुढचं बोला, मी सूक्ष्मदर्शकाच्या बाजूचा माणूस.

रात्रपाळी:
म्हणजे आनंद नावाखाली इतकी वर्षं भलत्याच प्रोटीनचा फोटो फिरतोय. बिचारं मायोसिन, फुकटचं श्रेय मिळालं. वाचतोय, चालू द्या.

न्यूरोवाली:
पेशीबाज यांनी पाया घालून दिलाय तर पुढचं मी लिहिते, लांबेल थोडं.

गोळ्यात आठवण नसते. आठवण ही कुठल्याही एका रेणूत नसते, ती कुठले सिनॅप्स किती घट्ट आणि कुठले किती ढिले या सगळ्या मांडणीत असते. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी जोडलेला भाग) दाखवलं की एका वाटेवरून थोडा वेळ भराभर विजेचे ठोके दिले की त्या वाटेवरचे सिनॅप्स नंतर तासन् तास जास्त जोरात प्रतिसाद देतात. आता 'जास्त जोरात' याचा अर्थ बऱ्याच अंशी अगदी सरळ आहे, समोरच्या न्यूरॉनच्या पृष्ठभागावर ॲम्पा नावाचे रिसेप्टर, म्हणजे सिग्नल झेलणारी प्रोटीनं, वाढले. रिसेप्टर वाढले की तेवढ्याच ग्लुटामेटमध्ये (सिग्नल देणारा न्यूरॉन सोडतो ते रसायन) जास्त करंट. आणि हे रिसेप्टर कुठून तरी आणावे लागतात, नेऊन योग्य जागी बसवावे लागतात, नको असतील तेव्हा आत ओढावे लागतात. मोटर प्रोटीनं आठवणीच्या गोष्टीत शिरतात ती इथे.

मजा शेवटच्या टप्प्यात आहे. डेंड्राइटवर, म्हणजे न्यूरॉनच्या सिग्नल घेणाऱ्या फांदीवर, स्पाइन नावाची बारीक बारीक बोंडं असतात, एखाद्या मायक्रोमीटरची किंवा त्याहून लहान, आणि उत्तेजना देणारे बहुतेक सिनॅप्स याच बोंडांच्या टोकावर. मायक्रोट्युब्यूल डेंड्राइटच्या दांड्यातून जातात, बोंडात क्वचितच डोकावतात आणि शिरलेच तर थोडा वेळ राहून मागे फिरतात. बोंडाच्या आत जाळं असतं ते ॲक्टिनचं. म्हणजे कायनेसिनने माल दांड्यापर्यंत आणला तरी आत न्यायला दुसरं कुणीतरी लागतं आणि ते म्हणजे मायोसिन.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मायोसिन-पाच-बी चं. एरवी हे प्रोटीन स्वतःभोवती दुमडून गप्प पडलेलं असतं. सिनॅप्सवर जोरदार सिग्नल आला, एनएमडीए नावाचे दुसरे रिसेप्टर उघडले, कॅल्शियम आत घुसलं, की त्या कॅल्शियममुळे हे उलगडतं, जवळपास ॲम्पा रिसेप्टर भरून थांबलेल्या पिशव्या असतात त्यांना धरतं आणि ॲक्टिनवरून बोंडात ओढून नेतं, तिथे पिशवी पृष्ठभागाला मिळते आणि रिसेप्टर बाहेर. २००८ मध्ये हे दाखवलं गेलं आणि त्या प्रयोगात या प्रोटीनचं काम रोखल्यावर सिनॅप्स बळकट होणं थांबलं. सावळागोंधळ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. प्रोटीनला पत्ता माहीत असायची गरजच नाही, ज्या बोंडात कॅल्शियम वाढलं तिथलंच मायोसिन जागं होतं.

उलट्या दिशेचं कामही आहेच, मायोसिन-सहा हे ॲक्टिनवर बाकी मायोसिनांच्या विरुद्ध दिशेने चालतं आणि रिसेप्टर आत घेताना लागतं. विसरायलाही यंत्रणा लागते म्हणायची. आणि मायोसिन-दोन तर काही वाहून नेतच नाही, ते ॲक्टिनच्या धाग्यांना आवळतं, आणि शिकल्यावर बोंडाचा आकार पक्का व्हायला ॲक्टिनची जी उलथापालथ लागते ती त्याच्यामुळे सुरू होते. प्राण्यांमध्ये शिकण्याच्या वेळी ते बंद पाडलं की ती आठवण टिकत नाही.

सावळागोंधळ:
ताई जबरदस्त, दोनदा वाचलं. पण एक अडतंय. मायोसिन बोंडाच्या तोंडाशी जागं होतं हे कळलं, पण दांड्यातून जो माल लांबून येतोय, न्यूरॉनच्या मुख्य भागातून, त्याला या हजारांतल्या बरोब्बर त्याच बोंडाच्या दाराशी कोण थांबवतं? आणि ते हुशार उंदीर राहिलेच.

न्यूरोवाली:
विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत असतो ना, बॅगेला माहीत नसतं मालक कुठे उभा आहे, मालक आपली बॅग ओळखून उचलतो, बाकीच्या पुढे जातात. डेंड्राइटमध्ये बराचसा कारभार असाच चालतो असं आता मानलं जातं. माल पुढे जातो, थांबतो, मागे फिरतो, परत पुढे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर या पिशव्या आणि आरएनएचे (प्रोटीन बनवायच्या कृतीची प्रत) गोळे अक्षरशः येरझाऱ्या घालताना दिसतात, त्यात डेंड्राइटमधल्या मायक्रोट्युब्यूलची टोकं दोन्ही दिशांना असतात (ॲक्सॉनमध्ये एकाच दिशेला), त्यामुळे एकाच जातीचं मोटर प्रोटीन दोन्हीकडे जाऊ शकतं. ज्या सिनॅप्सवर नुकतंच काही घडलंय तो येणारा माल पकडतो.

पकडतो कसा याचं एक नीट कळलेलं उदाहरण, आणि योगायोगाने तेच तुमच्या उंदरांचं प्रोटीन, किफ-१७. हे कायनेसिनच्या घराण्यातलं, सस्तन प्राण्यांत या घराण्यात ४५ जणं आहेत. किफ-१७ हे आपल्या आणि मालाच्या मधे दोन-तीन जोड-प्रोटीनं घालून एनएमडीए रिसेप्टरचा एनआर-टू-बी हा भाग असलेल्या पिशव्या ओढतं. सिनॅप्सजवळ कॅल्शियम वाढलेलं असलं की तिथलं कॅमके-टू हे एन्झाइम चालू होतं, ते किफ-१७ च्या शेपटाकडच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवतं, जोड सुटतो आणि माल तिथेच उतरतो. जिथे कॅल्शियम नाही तिथून गाडी सरळ पुढे.

याच्याशी जुळणारी गोष्ट १९९७ मध्ये फ्रे आणि मॉरिस यांनी दाखवली होती, मोटर प्रोटीनांचा त्यात थेट संबंध नाही पण विचार तोच. एका सिनॅप्सला जोरदार उत्तेजना दिली की पेशी नवीन प्रोटीनं बनवते, आणि त्याच सुमारास दुसऱ्या सिनॅप्सला अगदी किरकोळ उत्तेजना दिलेली असेल, जी एकटीने दोन-तीन तासांत विरून गेली असती, तर तो दुसरा सिनॅप्सही त्या प्रोटीनांचा वाटा उचलतो आणि टिकाऊ होतो. म्हणजे खूण सिनॅप्सवर असते, मालावर नाही.

शंकेखोर:
उंदरांचं मी सांगतो कारण या बातम्या फार सैल हाताने लिहिल्या जातात. २००२ चा टोकियोतल्या हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेचा प्रयोग, किफ-१७ जास्त प्रमाणात बनवणारे उंदीर तयार केले आणि जागा लक्षात ठेवायच्या चाचण्यांमध्ये ते साध्या उंदरांपेक्षा सरस ठरले, इथपर्यंत खरं आहे. पण त्या उंदरांमध्ये एनआर-टू-बी चं उत्पादनच वाढलेलं होतं, म्हणजे नुसती वाहतूक सुधारली म्हणून हुशारी आली असं म्हणता येत नाही, वाहतूक वाढली तशी मागची फॅक्टरीही वाढली. उलटा प्रयोग २०११ मध्ये त्याच गटाने केला, किफ-१७ काढूनच टाकलं, आणि त्या उंदरांचं शिकणं आणि लक्षात ठेवणं दोन्ही बिघडलं. मला हा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा जास्त पटतो, कारण काढल्यावर बिघडतं म्हणजे ते लागतं हे नक्की.

आणि आत्ताच सांगून ठेवतो, आता कुणीतरी इथे येऊन विचारणार की मग हे वाढवायची गोळी कुठे मिळते.

लांबचा_वळसा:
मीच विचारणार होतो 😄 पण सिरीयसली, एखादं प्रोटीन वाढवून उंदीर सरस होत असेल तर माणसाला का नको? वयस्कर लोकांना तरी?

शंकेखोर:
कारण ही प्रोटीनं जास्त झाली म्हणजे चांगलंच असं नसतं. कायनेसिन रिकामं असताना स्वतःला दुमडून बंद ठेवतं, माल चिकटला की उलगडतं, नाहीतर उगाच एटीपी जाळत रिकामं पळत सुटेल आणि सगळी टोकाला जाऊन साचतील. किफ-५-ए या जीनमधल्या काही बदलांमुळे एएलएस हा, स्नायू चालवणारे न्यूरॉन मरत जाण्याचा, आजार होतो हे २०१८ मध्ये कळलं, आणि त्या बदलांमध्ये नेमकी ही स्वतःला बंद ठेवायची सोय बिघडते, प्रोटीन गरजेपेक्षा जास्त चालू राहतं. दुसऱ्या टोकाला किफ-१-ए, जे सिनॅप्सच्या पिशव्यांचं सुटं सामान ॲक्सॉनच्या टोकाला पोचवतं. त्यात बिघाड असलेल्या मुलांमध्ये पायात ताठरपणा, फिट्स, दृष्टीच्या नसेची झीज, बौद्धिक वाढीत अडचणी असं बरंच काही दिसतं. थोडं कमी तरी गडबड, थोडं जास्त तरी गडबड. यात वरून एखादी पावडर घेऊन ढवळाढवळ करणं म्हणजे, असो. मेमरी बूस्टर म्हणून ज्या बाटल्या विकतात त्यातल्या कशाचाही याच्याशी काडीचा संबंध नाही.

पेशीबाज:
शंकेखोर यांना दुजोरा, आणि माणसांमध्ये हे रोज दिसतं असं एक ठिकाण म्हणजे कॅन्सरची काही औषधं. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिनक्रिस्टिन दोन्ही मायक्रोट्युब्यूलवर हल्ला करतात, पेशींचं विभाजन थांबावं म्हणून. पण न्यूरॉन विभागत नसला तरी त्याची सगळी ने-आण त्याच दोऱ्यांवर चालते, म्हणून बऱ्याच पेशंटना मुंग्या येणं, बधिरपणा सुरू होतो, आणि तो सुरू कुठून होतो तर पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून. सगळ्यात लांबच्या ॲक्सॉनला पुरवठा तुटल्याचा फटका आधी बसतो. इथे कुणी ही औषधं घेत असेल तर घाबरून बंद करू नका, मुंग्या वाढल्या तर डॉक्टरांना सांगा, ते डोस बघतात.

रात्रपाळी:
मला एक वेगळीच शंका. प्रोटीनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडतात आणि नवीन येतात असं वाचलंय. मग आजोबांना सत्तर वर्षांपूर्वीचं सगळं अगदी नावानिशी आठवतं ते कसं? ज्या रिसेप्टरमध्ये ती आठवण बसवली ते तर केव्हाच गेले.

न्यूरोवाली:
हाच प्रश्न १९८४ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी जाहीरपणे विचारला होता, हो तेच, डीएनएवाले. त्यांचा अंदाज असा की रेणू एकमेकांना अशा पद्धतीने धरून असावेत की एकेक बदलला तरी उरलेले नव्याला जुन्याच अवस्थेत ढकलतील. कॅमके-टू हे बारा तुकड्यांचं असतं आणि ते तुकडे एकमेकांना फॉस्फेट लावू शकतात, त्यामुळे पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे याच नजरेने बघितलं गेलं.

मोटर प्रोटीनांच्या बाजूने बघितलं तर दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात, आठवण घडवणं आणि सिनॅप्स चालू ठेवणं. यासाठी कँडेल यांच्या गटाचा २००८ चा ॲप्लिशियावरचा प्रयोग बघा. ॲप्लिशिया म्हणजे समुद्री गोगलगाय, कँडेल यांना २००० चं नोबेल मिळालं ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे. तिच्या सिनॅप्सवर सेरोटोनिनचे थोड्या थोड्या वेळाने डोस दिले की तो सिनॅप्स दीर्घकाळ बळकट होतो. त्यांना दिसलं की त्यासाठी कायनेसिनचं प्रमाण सिनॅप्सच्या दोन्ही बाजूंच्या न्यूरॉनमध्ये वाढावं लागतं, ते वाढू दिलं नाही तर दीर्घकाळची बळकटी येतच नाही. इतकंच नाही, सिग्नल देणाऱ्या न्यूरॉनमध्ये नुसतं कायनेसिन वाढवलं तरी बळकटी सुरू होते. पण एकदा बळकटी आल्यावर ती टिकवायला हे जास्तीचं कायनेसिन लागत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात बोलका निकाल आहे आणि बातम्यांमध्ये नेमका हाच गाळला जातो, कारण 'प्रोटीन वाढवलं आणि उंदीर हुशार' हे ऐकायला जास्त बरं.

रोजची डागडुजी मात्र चालूच राहते आणि तिला नेहमीची वाहतूक लागते. त्यातही न्यूरॉन एक युक्ती करतो, दरवेळी तयार प्रोटीन लांबून आणण्यापेक्षा त्याचा एमआरएनए, म्हणजे ते बनवायच्या कृतीची प्रत, पाठवून ठेवतो. किफ-५ हे कायनेसिन असे आरएनएचे गोळे डेंड्राइटमध्ये नेतं, त्यात कॅमके-टू चा एमआरएनएसुद्धा असतो, आणि बोंडांच्या बुडाशी प्रोटीन बनवणारे रायबोसोम बसलेले असतात हे १९८२ पासून माहीत आहे. हवं तेव्हा जागेवरच प्रोटीन बनतं. त्यामुळे आजोबांचे रिसेप्टर कितीही वेळा बदलले तरी कुठला सिनॅप्स किती मोठा ही मांडणी सांभाळली जाते.

लांबचा_वळसा:
सगळे कायनेसिनचंच कौतुक करताहेत. ते डायनिन परत येताना रिकामंच येतं का?

पेशीबाज:
रिकामं कसलं, भरपूर घेऊन येतं. जुनी झालेली, मोडीत काढायची सामग्री येते, टोकाला मिळालेले वाढीचे सिग्नल पिशवीत बसून पेशीच्या मुख्य भागापर्यंत येतात. फुकटे प्रवासीही असतात, रेबीजचा विषाणू जखमेपासून मज्जासंस्थेपर्यंत याच परतीच्या वाहतुकीवर बसून जातो, आणि चावा चेहऱ्याजवळ असला तर लक्षणं लवकर दिसू शकतात त्यामागे हे कमी अंतर आहे. चावल्यावर वाट बघू नका, जखम धुवा आणि लगेच लस घ्या, हे विषयांतर झालं पण लिहून टाकलं.

न्यूरोवाली:
आणि आठवणीतही डायनिनचा वाटा आहे. सिनॅप्सवर काहीतरी महत्त्वाचं घडलं ही खबर न्यूक्लियसपर्यंत, म्हणजे पेशीत डीएनए असतो तिथपर्यंत, पोचल्याशिवाय नवीन जीन चालू होणार कसे? सीआरटीसी-१ नावाचं एक प्रोटीन एरवी सिनॅप्सजवळ असतं, तिथे जोरदार हालचाल झाली की सुटतं आणि डायनिनच्या मदतीने मायक्रोट्युब्यूलवरून न्यूक्लियसमध्ये पोचतं. तिथे ते क्रेब या प्रोटीनला साथ देऊन दीर्घकालीन आठवणीला लागणारे जीन चालू करतं. त्या जीनमधून जे बनतं ते परत किफवाले घेऊन निघतात. नुसते विजेचे सिग्नलही न्यूक्लियसपर्यंत पोचतात, आणि ते कितीतरी पटीने लवकर, पण हे प्रोटीन स्वतः चालत येतं म्हणून त्याला मिनिटं लागतात.

सावळागोंधळ:
म्हणजे खबर डायनिनवरून आत आणि माल कायनेसिनवरून बाहेर, शेवटचा टप्पा मायोसिनचा. आता कळलं. ती क्लिप कुणी परत पाठवली की हा धागा चिकटवतो.